नाव कळल्याशिवाय अळंबी शिजवायची नाही

वाचकाचं पत्र : नमस्कार. माझ्या नवऱ्याला वर्षभरापासून रानात फिरून अळंब्या गोळा करायचा छंद लागला आहे. मोबाइलवर एक अ‍ॅप आहे, फोटो काढला की ते सांगतं. सासरे लहानपणापासून अळंब्या खात आलेले, त्यामुळे त्यांचे नियम ठरलेले : किडीने खाल्लेली असेल तर खुशाल खावी, शिजवताना चांदीचा चमचा काळा पडला नाही तर भीती नाही, भडक रंगाची तेवढी टाळावी. याआधी आणलेल्या आम्ही खाल्ल्या होत्या, कुणाला काही झालं नाही. मागच्या रविवारी नवऱ्याने टोपलीभर आणल्या. अ‍ॅपने ‘खाण्यायोग्य’ म्हटलं, सासऱ्यांनीही बघून मान डोलावली. मला मात्र धीर होईना. आठ वर्षांची मुलगी जेवायला बसणार होती. कुणी घास घ्यायच्या आत मी शिजवलेलं सगळं कचऱ्यात टाकलं. तेव्हापासून घरात अबोला आहे. मी अतिरेक केला का? हा छंद जिवाला धोका न होता करता येतो, की बंदच करायला सांगू? — एक धास्तावलेली वाचक

ताई,

तुम्ही टाकून दिलंत ते योग्यच केलंत. तुमच्या जागी मी असते तर तेच केलं असतं.

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात अ‍ॅपचं मत आहे, सासऱ्यांचं मत आहे, चमच्याचंही आहे. अळंबीचं नाव मात्र कुठेच नाही. टोपलीत नेमकी कुठली अळंबी होती, एकाच जातीची होती की चार जातींची सरमिसळ, हे घरात कुणी विचारलंच नाही. सगळे एकच प्रश्न विचारत होते : खाता येते का? या प्रश्नाला नाव कळल्याशिवाय उत्तरच नसतं. खाण्याच्या अळंब्यांची अशी काही सामाईक खूण नाही आणि विषारींचीही नाही. एकेक जात ओळखावी लागते, तिच्यासारख्या दिसणाऱ्या घातक जाती ओळखाव्या लागतात. दुसरा कुठलाही आडमार्ग नाही.

आता सासऱ्यांचे नियम. हे नियम एकट्या त्यांचे नाहीत, जगभर निरनिराळ्या भाषांत हेच सांगितलं जातं, म्हणून त्यांना कमी लेखू नका. पण ते एका अळंबीवर लावून बघा. ‘डेथ कॅप’ म्हणजे अमानिटा फॅलॉइडिस. अळंबीच्या विषबाधेने जगात जे मृत्यू होतात, त्यांतले बहुतांश हिच्या एकटीच्या नावावर मांडले जातात. दिसायला ती देखणी असते. टोपी फिकट हिरवट-पिवळसर, कधी जवळजवळ पांढरी, तुळतुळीत. भडक काहीच नाही. गोगलगायी तिला कुरतडतात आणि मजेत राहतात, कारण त्यांचं शरीर आपल्यापेक्षा वेगळं आहे. टोपीची साल सहज सोलते, म्हणजे ‘सोलली की खावी’ हा आणखी एक नियम ती पास होते. चांदीचा चमचा काळा पडतो तो गंधकाच्या संयुगांमुळे, आणि या विषाचा चांदीशी काही संबंध नाही. तांदूळ किंवा लसूण टाकून रंग बघतात, तिथेही काही दिसणार नाही. चवीने तरी कळेल म्हणावं, तर जे वाचले त्यांतल्या अनेकांनी ती चवीला छान लागल्याचं सांगितलं आहे. उलट शँटरेल नावाची अळंबी चांगली अंड्याच्या बलकासारखी पिवळीधमक असते आणि ती आवडीने खाल्ली जाते. तेव्हा रंगावरून ना इकडचा निवाडा होतो, ना तिकडचा.

शिजवल्याने विष मरतं हा समज तर सगळ्यात घातक. डेथ कॅपमधली अ‍ॅमाटॉक्सिन्स उकळून, तळून, वाळवून, गोठवून जात नाहीत. साधारण एक मोठी अळंबी मोठ्या माणसाचा जीव घ्यायला पुरेशी ठरू शकते. मुलांचं वजन कमी, म्हणून त्यांना त्याहूनही कमी पुरते.

तुम्ही लिहिलंत, ‘याआधी खाल्ल्या, काही झालं नाही.’ यावर मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण घरोघरी याच वाक्यावर वाद मिटतो. त्या वेळच्या अळंब्या चांगल्या होत्या, एवढंच त्यातून कळतं. या रविवारच्या टोपलीबद्दल त्यातून काही कळत नाही. आणि ‘आधी एकाने थोडी खाऊन बघू, दोन तास थांबू’ असा विचार कुणाच्या मनात आला, तर त्याचंही उत्तर देऊन ठेवते. डेथ कॅप खाल्ल्यावर साधारण 6 ते 12 तास, कधी त्याहूनही जास्त वेळ काहीच होत नाही. माणूस जेवतो, झोपतो, सकाळी उठतो. मग उलट्या, जोरदार जुलाब, पोटात मुरडा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते ओसरतं. रुग्णाला बरं वाटतं, घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात, कधीकधी दवाखान्यातून घरीही आणतात. नेमक्या याच काळात आत यकृत निकामी होत असतं. पेशींना प्रथिनं बनवायला लागणारं एक विकर, आरएनए पॉलिमरेझ दोन, हे विष बंद पाडतं. ते नसलं की पेशी जगूच शकत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे पिवळे दिसायला लागतात, रक्त गोठेनासं होतं, आणि मग काही जणांना यकृत प्रत्यारोपणाशिवाय गत्यंतर उरत नाही.

कॉर्टिनेरियस या गटातल्या काही जाती तर आणखी धीम्या. त्यांतलं ओरेलॅनिन हे विष मूत्रपिंडावर जातं, आणि लक्षणं दिसायला दोन दिवसांपासून दोन-तीन आठवडे लागू शकतात. तोवर आपण काय खाल्लं होतं हेही माणूस विसरून गेलेला असतो. स्कॉटलंडमध्ये 2008 साली एका नामवंत इंग्रजी कादंबरीकाराने सुटीत गोळा केलेल्या अशा अळंब्या घरच्यांसोबत खाल्ल्या. खाण्याच्याच आहेत असं वाटलं होतं. जेवायला चौघं होते, त्यांतल्या तिघांना पुढे मूत्रपिंड बदलावं लागलं.

तेव्हा ‘खाऊन बघितलं’ ही परीक्षा नव्हेच. जी अळंबी तासा-दोन तासांत उलट्या करवते, ती सहसा कमी घातक असते. जिची लक्षणं उशिरा येतात, ती जास्त. सहसा म्हटलं, कारण टोपलीत दोन जाती मिसळलेल्या असतील तर लवकरच्या उलट्यांवरूनही निश्चिंत होता येत नाही.

सासऱ्यांच्या ज्ञानाबद्दल मला आणखी एक सांगायचं आहे, आणि ते मनापासून. त्यांनी वर्षानुवर्षं अळंब्या खाल्ल्या आणि ठणठणीत राहिले, म्हणजे त्यांना काही जाती पक्क्या ठाऊक असणार. त्यांचा हात, त्यांची नजर त्या जातींवर बसलेली आहे. पण ते ज्ञान त्या जागेचं आहे. तिथे काय उगवतं आणि तिथे तिच्यासारखं दुसरं काय उगवत नाही, या दोन्हींवर ते उभं आहे. जागा बदलली की पायाच बदलतो. आशियातून अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात गेलेल्या लोकांच्या बाबतीत हे अनेकदा घडलं आहे. भाताच्या पेंढ्यावर वाढणारी पॅडी स्ट्रॉ अळंबी त्यांनी आयुष्यभर खाल्लेली. नव्या देशात तशीच एक दिसली, कोवळेपणी अंड्यासारखी, बुडाशी पिशवीसारखं आवरण असलेली, आणि ती निघाली डेथ कॅप. ऑस्ट्रेलियात ही अळंबी मुळात नव्हतीच. युरोपातून आणलेल्या झाडांच्या मुळांबरोबर ती तिथे पोचली, कारण ओकसारख्या झाडांच्या मुळांशी तिचं सहजीवन असतं. त्या लोकांची नजर कच्ची नव्हती. ती दुसऱ्या मातीत तयार झालेली होती.

दोन्ही अळंब्या जवळून बघितल्या की फरक कळतो, आणि तो कसा कळतो हे बघण्यासारखं आहे. टोपीच्या खाली पातळ पापुद्रे असतात, त्यांना गिल्स म्हणतात. पॅडी स्ट्रॉ पिकली की ते गुलाबी होतात. डेथ कॅपचे पांढरेच राहतात. पॅडी स्ट्रॉच्या दांड्यावर कडं नसतं, डेथ कॅपच्या दांड्यावर बहुधा झालरीसारखं कडं असतं, पण ते गळूनही पडतं, म्हणून ‘कडं नाही, म्हणजे भीती नाही’ असा उलटा अर्थ काढायचा नाही. सगळ्यात बोलका पुरावा बीजाणूंचा, म्हणजे अळंबी ज्यांतून पुन्हा उगवते त्या बियांसारख्या सूक्ष्म कणांचा. टोपी दांड्यापासून कापायची, अर्धा पांढरा आणि अर्धा काळा असा कागद घ्यायचा, गिल्स खाली करून टोपी त्यावर ठेवायची, वर वाडगा पालथा घालायचा आणि रात्रभर हलवायची नाही. सकाळी टोपी अलगद उचलली की कागदावर बारीक भुकटीची चक्राकार नक्षी उमटलेली असते. डेथ कॅपची पांढरी, म्हणून ती काळ्या अर्ध्यावर दिसते. पॅडी स्ट्रॉची गुलाबीसर. हिरवळीवर उगवणारी, भल्या मोठ्या छत्रीसारखी क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस नावाची एक जात आहे, तिची भुकटी चक्क हिरवी. ती जीव सहसा घेत नाही, पण उलट्या-जुलाबांनी माणसाला लोळवते, आणि उबदार हवेच्या प्रदेशांत तिच्यामुळे पुष्कळ लोक आजारी पडतात.

हा ठसा म्हणजे शेवटचा निकाल मात्र नव्हे. पांढरा ठसा खाण्याच्या अनेक जातींचाही असतो. तो इतर खुणांच्या जोडीला बघायचा.

आता अ‍ॅप. नवऱ्याने अ‍ॅप वापरू नये असं मी म्हणत नाही. फिरताना एखादं नाव सुचवायला, मग ते नाव पुस्तकात शोधायला त्याचा उपयोग होतो. पण त्याच्यासमोर असतो एक फोटो, बहुतेक वेळा वरून काढलेला. गिल्स दिसत नाहीत, वास येत नाही, बीजाणू दिसत नाहीत, कुठल्या झाडाखाली उगवली ते कळत नाही. आणि बुडाची पिशवी तर जमिनीतच राहिलेली असते, कारण आपण अळंबी वरच्यावर खुडतो. नेमकी जी खूण जीव वाचवते तीच मातीत गाडलेली, आणि अ‍ॅप मात्र बिनधास्त ‘खाण्यायोग्य’ म्हणून मोकळं. खाण्याचा निर्णय त्याच्यावर सोडायचा नाही. पुस्तकं घेतानाही लेखक कोण, त्याने हे काम केलंय का, हे बघा. यंत्राकडून लिहून घेतलेली अळंब्यांची पुस्तकं इंटरनेटवर विकली जाताहेत, असा इशारा 2023 मध्ये न्यूयॉर्क मायकोलॉजिकल सोसायटीने दिला होता.

तुमचा दुसरा प्रश्न, छंद बंद करायला सांगू का? नका सांगू. अळंब्या बघत रानात फिरणं हा फार सुंदर छंद आहे, आणि त्यात शिकण्यासारखं इतकं आहे की खाणं हा त्याचा अगदी छोटा भाग. नवऱ्याला एवढंच सुचवा की पहिला पूर्ण हंगाम खाणं नाही, फक्त ओळख. आणि ओळखही घातक जातींपासून सुरू करायची. डेथ कॅप, पांढरीशुभ्र ‘डिस्ट्रॉइंग एंजल’, लाकडावर उगवणारी छोटी तपकिरी गॅलेरिना, लेपिओटा गटातल्या लहान जाती, या सगळ्यांत तेच अ‍ॅमाटॉक्सिन आहे. तुमच्या भागात यांतल्या कुठल्या उगवतात ते आधी पाठ व्हायला हवं. मग खाण्याची एकच जात निवडायची आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या सगळ्या जाती तिच्यासोबत शिकायच्या. जोवर दोघींतला फरक न अडखळता सांगता येत नाही, तोवर ती शिजत नाही. पांढऱ्या गिल्सची, बुडाशी पिशवी असलेली किंवा छोटी तपकिरी, यांतली कुठलीही अळंबी नवशिक्याने कधीच खायला घेऊ नये. त्यात काही मोजक्या चांगल्या जाती हुकतील, हुकू द्या.

आणि जाणत्या माणसाबरोबर जायचं. बऱ्याच शहरांत अळंबी अभ्यासकांचे गट असतात, वनस्पतीशास्त्र शिकवणारी मंडळी असतात, ते रानफेऱ्या काढतात. ज्याने ती अळंबी हातात घेऊन, उलटी करून, कापून बघितली आहे, त्याच्याच होकाराला किंमत द्यायची. फोटो पाठवून मिळालेला होकार जमेत धरायचा नाही. आणि जाणत्याचाही होकार डोळे मिटून नको. युलियस शेफर हे जर्मन अळंबीतज्ज्ञ. पॅक्सिलस इन्व्होल्यूटस ही अळंबी त्या काळी युरोपात सर्रास खाल्ली जात असे. तीच खाल्ल्यावर ते आजारी पडले आणि 1944 मध्ये गेले. पुष्कळ वेळा निर्धोक खाल्लेली ही अळंबी एखाद्या खेपेला शरीराला स्वतःच्याच तांबड्या पेशींवर उठवते, हे कळायला पुढे बराच काळ जावा लागला. म्हणून पुस्तक नव्या आवृत्तीचं हवं. जुन्या पुस्तकातली ‘खाण्यायोग्य’ यादी आज तशीच्या तशी खरी असेल असं नाही.

गोळा करताना सुरीने बुडाखालची माती उकरून अळंबी सबंध काढायची, पिशवी आहे का ते बघायचं. कुठल्या झाडाखाली, मातीत की लाकडावर, एकटी की झुबक्यात, ते जागीच लिहायचं. प्रत्येक जात वेगळ्या कागदात. प्लॅस्टिकच्या पिशवीत त्या घामेजतात, लवकर कुजतात, आणि कुजलेली चांगली अळंबीसुद्धा पोट बिघडवते. गोळ्यासारखी पांढरी पफबॉल सापडली तर वरून खाली उभी कापायची. आत एकसारखं पांढरं असायला हवं. टोपी-दांड्याची पुसटशीही आकृती दिसली, तर ती अमानिटाची, म्हणजे डेथ कॅपच्या गटातल्या अळंबीची कळी असू शकते, तिथेच थांबायचं. रस्त्याच्या कडेची, कारखान्याजवळची, औषध फवारलेल्या हिरवळीवरची नको, कारण अळंब्या शिसं, पारा, कॅडमियम मातीतून ओढून घेतात. चेर्नोबिलच्या 1986 च्या अपघातानंतर युरोपातल्या रानअळंब्यांत किरणोत्सारी सीझियम कित्येक वर्षं सापडत राहिलं. संरक्षित जंगलात तोडायला बऱ्याच ठिकाणी बंदी असते, तेही आधी विचारून घ्यावं.

खायची वेळ आली तर पूर्ण शिजवून, एका वेळी एकच जात, पहिल्यांदा अगदी थोडी. कच्ची रानअळंबी नाहीच. मोरेलसारखी नावाजलेली जातही कच्ची किंवा अर्धवट शिजलेली त्रास देते. इंक कॅप म्हणतात त्या कोप्रिनॉप्सिससोबत किंवा नंतरचे काही दिवस दारू घेतली तर चेहरा लाल होऊन, छाती धडधडून माणूस घाबराघुबरा होतो. दोन-तीन सबंध, न शिजवलेल्या अळंब्या कागदात गुंडाळून काही दिवस फ्रिजमध्ये ठेवाव्यात. पुढे काही झालं तर डॉक्टरांना त्यावरून जात ओळखता येते. आणि मुलीला रानातली अळंबी खायला द्यायची नाही, कितीही खात्री असली तरी. गरोदर बाई, यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेलं माणूस, यांनाही नाही. यावर घरात चर्चा नको.

संशयाची अळंबी कुणाच्या पोटात गेलीच, तर लक्षणांची वाट बघू नका. तडक मोठ्या रुग्णालयात, आणि ज्यांनी ज्यांनी खाल्ली त्या सगळ्यांनी. घरी मीठपाणी पाजून उलटी काढायची नाही. उरलेलं शिजवलेलं, कच्चा नमुना, साफ करताना निघालेला कचरा, जे असेल ते सोबत घ्या. कधी खाल्लं आणि पहिलं लक्षण कधी दिसलं, या दोन वेळा कागदावर लिहून न्या. उपचार लवकर सुरू झाले तर वाचण्याची शक्यता खूप वाढते. सलाइन, कोळशाची औषधी पूड, सिलिबिनिनसारखं औषध असे उपाय आहेत. आणि जुलाब थांबले, बरं वाटतंय म्हणून रुग्णाला घरी आणायचं नाही. यकृताच्या तपासण्या पुढचे काही दिवस पुन्हा पुन्हा करून बघायला हव्यात, हे तुम्हीच आग्रहाने सांगा.

राहता राहिला अबोला. टाकलंत याबद्दल माफी मागू नका. पण कुणाला न विचारता, सगळ्यांच्या देखत टाकलंत, नवऱ्याची दिवसभराची मेहनत आणि सासऱ्यांचा शब्द एकदम कचऱ्यात गेला, हे त्यांना लागलं असणार. तेवढं बोलून टाका. ‘मला भीती वाटली, आणि ती मला आधी बोलता आली नाही’ असं म्हटलंत तरी पुरे. त्यानंतर घरात एकच गोष्ट कबूल करून घ्या : ज्या अळंबीचं पक्कं नाव सांगता येत नाही आणि जी जाणत्या माणसाने हातात घेऊन पारखलेली नाही, ती शिजायला जाणार नाही. हा नियम नवऱ्याला, सासऱ्यांना आणि तुम्हालाही सारखाच, म्हणजे त्यात कुणाचा अपमान नाही.

सासऱ्यांजवळ वही घेऊन बसा. ते कुठल्या जाती खायचे, त्यांना काय नावं होती, कुठल्या महिन्यात, कुठल्या झाडाखाली, बुडाशी कशा दिसायच्या, सगळं लिहून घ्या. चमच्याचा नियम त्यांनी स्वतः कधी वापरला का, तेही विचारा. माझा अंदाज आहे, नसेल. ते नजरेनेच ओळखत असणार, आणि नियम फक्त सांगायला उरलेले. ती वही जाणत्या माणसाला दाखवली तर त्यालाही तिचं अप्रूप वाटेल.

मुलीलाही रानात न्या. नुसत्या हात लावण्याने विष चढत नाही, तोंडात काही घालायचं नाही आणि घरी आल्यावर हात धुवायचे, एवढं तिला पक्कं सांगा. बीजाणूंचे ठसे काढायचं काम तिच्याकडे द्या. आणि एखाद्या वेळी तुम्हीही बरोबर जा. नवऱ्याने एखादी अळंबी उचलली की विचारा, ‘हिच्यासारखी दिसणारी विषारी कुठली, आणि ती ही नाही हे कशावरून?’ उत्तर आलं नाही, तर फोटो काढा, ठसा घ्यायला एखादी न्या, बाकीच्या तिथेच राहू द्या.